चाकोरी काय सांगते?

सायकल चालवताना नजर पुढे असावी, हे तुम्हांला पहिल्याच दिवशी शिकवलेले असते. आज मी तुम्हांला थोडे थांबून मागे पाहायला सांगणार आहे. डांबरी रस्त्यावर मागे वळून पाहिलेत तर काहीच दिसणार नाही. मुरमाच्या रस्त्यावर टायरच्या नक्षीचा पुसट ठसा दिसेल. ओढ्याच्या वाळूत मात्र चांगला बोटभर खोल चर पडलेला असेल. हा चर, ही चाकोरी, म्हणजे तुमच्या श्रमांची नोंदवही आहे. पायांनी दिलेली ऊर्जा कुठे खर्च झाली, ते तीत लिहिलेले असते. ही नोंदवही वाचायची कशी, ते आज पाहू.

त्यासाठी प्रयोगशाळा म्हणून मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दौंड आणि शिरूर हे दोन तालुके निवडले आहेत. यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरच्या उत्तर अंगाला घोड नदी आहे. दक्षिणेकडे दौंड तालुक्यातून खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा जातो. नदीकाठी काळी जमीन आणि ऊस. नदीपासून दूर गेले की मुरमाड माळ, गवत, बोरी-बाभळी आणि मधूनमधून टेकड्या. गावांना जोडणारे डांबरी रस्ते, शेतांकडे जाणाऱ्या पाणंदी, कालव्याच्या भरावावरची वाट, मेंढरांच्या पायवाटा, असे सगळे प्रकार एका दिवसाच्या फेरीत भेटतात. अलीकडे जाड टायरच्या, गिअरच्या 'माउंटन बाइक' घेऊन लोक असल्या वाटा शोधत फिरतात. तुमच्यापैकी कितीतरी जण साध्या सायकलवरून अशाच वाटेने रोज शाळेत जातात. भौतिकशास्त्राचे नियम दोघांनाही सारखेच लागू पडतात.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मुलाचे वजन ५५ आणि सायकल-दप्तराचे २० असे मिळून ७५ किलोग्रॅम धरू. बलही आपण किलोग्रॅम-भारातच मोजू. न्यूटनमध्ये हवे असेल तर ९.८ ने गुणा.

उतार असून नसल्यासारखा

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर दौंड सुमारे ५१४ मीटरवर. रेल्वेमार्गाने दोघांमधले अंतर साधारण ७५ किलोमीटर आहे. म्हणजे पुण्याहून दौंडकडे येताना आपण सतत उतरत असतो! मग पेडल न मारता सायकल आपोआप का येत नाही?

उत्तर आकड्यांतच आहे. ७५ किलोमीटरमध्ये ४६ मीटर म्हणजे सोळाशे मीटरला जेमतेम एक मीटर उतार झाला. एवढ्या उतारावर ७५ किलोग्रॅम वजनाच्या सायकलस्वाराला पुढे ओढणारे बल भाराच्या सोळाशेव्या भागाएवढे, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम-भार असते. दोन पेढ्यांच्या वजनाएवढे! चाकाला होणारा विरोध याच्या कितीतरी पट असतो. म्हणून हा उतार पाण्याला कळतो, सायकलला कळत नाही. यवत-पाटसच्या बाजूला कालव्याच्या काठावर उभे राहून पाहा. वाट डोळ्यांना अगदी सपाट दिसते, पण पाणी मुकाट्याने पूर्वेकडे चाललेले असते. कालवा बांधणारे अभियंते जमिनीच्या सम-उंचीच्या रेषांना धरून, अगदी थोडा उतार देत कालवा नेतात. म्हणूनच टेकाडे आली की तो सरळ न जाता वळसे घेतो. कालव्याच्या कडेची वाट म्हणजे जमिनीवर काढलेली जवळजवळ एक समोच्च रेषाच होय. नकाशात अशी रेषा समजायला ज्यांना जड जाते, त्यांनी ही वाट एकदा पाहावी.

(एक सूचना इथेच देतो. भरावावरची वाट पाटबंधारे खात्याची असते. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय तीवरून जाऊ नका आणि कालव्यात पाय धुवायलाही उतरू नका. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या कडा उतरत्या व शेवाळलेल्या असतात. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यावरून वर येता येत नाही.)

चांगल्या डांबरी रस्त्यावर मागे चाकोरी उमटत नाही. मग तिथे ऊर्जा जाते कुठे? मुख्यतः हवेत. तुम्ही ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चाललात, तर ताठ बसलेल्या स्वाराला हवेचा विरोध साधारण पाऊण-एक किलोग्रॅम-भार होतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला तर हवेच्या दृष्टीने तुमचा वेग दुप्पट झाला आणि विरोध चौपट, म्हणजे सव्वातीन किलोग्रॅमच्या पुढे गेला. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा सुटलेला असताना दौंडहून पुण्याच्या दिशेने सायकल मारणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, रस्ता चढाचा आहे. चढ सोळाशेला एक; त्याला जाणवतो तो वारा!

सपाट वाळूतला चढ

आता चौफुल्याहून उत्तरेकडे वळू. पारगावजवळ भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाणारा हा रस्ता आहे. मुळा-मुठेचे पाणी याच परिसरात, रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. मुख्य रस्ता सोडून उन्हाळ्यात एखाद्या कोरड्या ओढ्यात सायकल घाला. पाच-सात पेडल मारताच चाक रुतते आणि आपण खाली उतरतो. जमीन तर सपाट आहे. मग झाले काय?

टायर जमिनीला एका रेषेत टेकत नाही. तो थोडा चपटा होऊन लहानशा लंबगोल भागावर टेकतो. मागच्या चाकावर सुमारे ४५ किलोग्रॅम भार येतो असे धरा. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम असेल (पंक्चर काढणारे मामा याला साधारण बेचाळीस पाउंड म्हणतील), तर तो भार पेलायला टायरला सुमारे

४५ ÷ ३ = १५ चौरस सेंटिमीटर

एवढी जागा लागते. म्हणजे पोस्टाच्या दोन-तीन लहान तिकिटांएवढी! याचा दुसरा अर्थ असा, की टायर जमिनीवर जवळजवळ स्वतःच्या हवेएवढाच दाब देतो. डांबराला तो दाब सहज पेलतो. सैल वाळूला पेलत नाही. ती बाजूला सरकते आणि चाक खाली जाते. टेकण्याची जागा पुरेशी वाढेपर्यंत ते खालीच जात राहते. आता चाकाच्या पुढे वाळूचा एक छोटा बांध तयार झाला. तो चढायला जावे तर तोही दबतो आणि पुढे नवा बांध उभा राहतो. सपाट वाळूत आपण सतत स्वतःच खणलेल्या खड्ड्यातून वर चढत असतो, पण वर कधीच पोहोचत नाही! मागे उमटलेला चर म्हणजे सरकवलेली वाळू, आणि वाळू सरकवायला लागलेले कार्य तुमच्या पायांनी केलेले असते.

चाकाच्या फिरण्याला होणाऱ्या या विरोधाला आपण या लेखापुरते 'चाकरोध' म्हणू. तो भाराच्या प्रमाणात असतो. निरनिराळ्या जमिनींवरचे त्याचे ठोकळ आकडे असे:

चांगला डांबरी रस्ता : भाराचा सुमारे दीडशेवा भाग, म्हणजे अर्धा किलोग्रॅम
दाबून बसलेला मुरूम : सुमारे पन्नासावा भाग, म्हणजे दीड किलोग्रॅम
गवताळ, खडेरी माळ : सुमारे पंचविसावा भाग, म्हणजे तीन किलोग्रॅम
सैल वाळू : दहावा भाग किंवा अधिक, म्हणजे साडेसात किलोग्रॅमच्या पुढे

यात एक गंमत दडलेली आहे. दहाला एक या चढावर गुरुत्वाकर्षण आपल्याला मागे ओढते, तेही भाराच्या दहाव्या भागाएवढ्या बलाने. म्हणजे वाळूतला सपाट रस्ता पायांच्या दृष्टीने दहाला एक असा चढ आहे, घाटातल्या पुष्कळशा रस्त्यांपेक्षा उभा! 'सपाट' हा शब्द डोळ्यांचा आहे. पायांना विचाराल तर तो वेगळेच सांगेल.

काळी माती

वाळू निदान मागे राहते. काळी माती बरोबर येते. दख्खनच्या पठाराचा काळा खडक, बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनला. तो झिजून अर्धवट सुटा झाला की मुरूम होतो आणि पुरता कुजला की काळी माती. ही माती ओल धरते म्हणून तर घोडेच्या काठी इनामगावला तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून ती उजेडात आणली.

या मातीतले चिकणमातीचे कण अतिशय बारीक व पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आकसते आणि भेगाळते. वाळलेल्या काळ्या पाणंदीत सायकल चांगली चालते. मात्र एक मोठी सर पडून गेली की तीच माती टायरला, मग टायरवरच्या मातीला चिकटत जाते. मडगार्ड आणि टायर यांमधली जागा भरली की चाक थांबते. आता चाकोरीत पाहा. तिथे नुसता ठसा नाही, मातीचे लचके उपटून निघालेले आहेत. इथे टायरची हवा कमीजास्त करून काही साधत नाही. सायकल खांद्यावर घ्यावी, किंवा मुळात अशा दिवशी त्या वाटेला जाऊ नये. बैलगाड्यांच्या चाकांना मडगार्ड का नसते, याचे उत्तर आता तुम्हीच द्या.

माळावरचे दगड आणि टायरमधली हवा

शिरूरहून पश्चिमेकडे, कान्हूर मेसाई, पाबळच्या बाजूला गेले की माळ सुरू होतो. इथे जमीन कठीण आहे, चाक रुतत नाही. तरी पेडल जड लागते आणि अंग खिळखिळे होते. याचे कारण दगड.

दोन सेंटिमीटर उंचीचा दगड चाकाखाली आला आणि टायर अगदी कडक असला, तर चाकावरचा ४५ किलोग्रॅम भार दोन सेंटिमीटर उचलला जातो. त्याला लागणारी ऊर्जा

४५ × ९.८ × ०.०२ = सुमारे ९ ज्यूल.

दगडावरून खाली येताना ही ऊर्जा परत मिळायला हवी. पण चाक धाडकन आपटते आणि ती सीट, हँडल, तुमची हाडे आणि स्नायू यांत जिरते. दर मीटरला असा एक दगड लागला आणि सगळी ऊर्जा वाया गेली, तर सुमारे नऊ न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक किलोग्रॅम-भार जास्तीचा विरोध झाला. हा ऐंशीला एक चढाएवढा आहे.

आता टायरमधली थोडी हवा काढा. दगड टायरमध्ये रुततो, टायर त्याला पोटात घेतो, आणि चाकाचा आस जवळजवळ त्याच उंचीवर राहतो. सायकल उचललीच गेली नाही! रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, पण तेव्हा सायकलीच नव्हत्या म्हणा ना; ती कल्पना विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा शोधून काढली. हवेच्या टायरचे मोठे काम हेच आहे. तो प्रत्येक दगडाशी तडजोड करतो.

पुष्कळांचा असा समज असतो की टायर जितका कडक तितकी सायकल हलकी. डांबरी रस्त्यावर हे बव्हंशी खरे आहे. रबरी चेंडू टाकलेल्या उंचीपर्यंत परत उसळत नाही, कारण दबताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही; थोडी उष्णतेत जाते. टायरही प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि सुटतो. तो कडक असेल तर कमी दबतो आणि ही हानी कमी होते. माळावर मात्र कडक टायरचा फायदा दगडांवर उसळण्यात बुडतो, आणि वाळूत कडक टायर रुततो. हवा निम्मी केली, म्हणजे दाब ३ ऐवजी दीड ठेवला, तर टेकण्याची जागा १५ ची ३० चौरस सेंटिमीटर होते आणि चाकोरी उथळ होते. म्हणून डांबरावर जास्त हवा, माळावर कमी, वाळूत त्याहून कमी.

मग सगळ्यांनीच हवा काढून टाकावी का? नाही. साध्या सायकलचा टायर अरुंद असतो. त्यात हवा फार कमी असली तर दगडावर आपटताना रिम थेट दगडाला भिडते आणि मधली ट्यूब चिमटली जाते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोके पडतात, सापाने दंश केल्यासारखी. माउंटन बाइकचा टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद असतो तो एवढ्यासाठीच. हवा कमी असूनही रिम आणि दगड यांच्यात अंतर राहते. त्यावरच्या रबरी गाठी मऊ मातीत रुतून पकड घेतात. डांबरावर मात्र त्या निरुपयोगी, नुसता घुंघुं आवाज करतात. तुम्ही साध्या सायकलवर माळाकडे निघालात तर नेहमीपेक्षा थोडीच हवा कमी ठेवा. आणि बाभळीचा काटा? त्याला कुठलेच सूत्र लागू पडत नाही. पंक्चरचे सामान बरोबर ठेवा.

चढ : पाय, दाते आणि चाक

दहाला एक असा मुरमाचा चढ आला. गुरुत्वाकर्षणाचे साडेसात आणि चाकरोधाचा दीड मिळून नऊ किलोग्रॅम-भार, म्हणजे सुमारे ८८ न्यूटन विरोध झाला. शाळकरी मुलाचे पाय बराच वेळ देऊ शकतील अशी शक्ती १०० वॅट धरू. शक्ती भागिले बल म्हणजे वेग. तेव्हा वेग निघाला सेकंदाला १.१ मीटर, ताशी चार किलोमीटर. हा चालण्याचाच वेग आहे. कुठल्याही गिअरने यात फरक पडत नाही. गिअर शक्ती वाढवत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

मग गिअर करतो काय? साध्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ फेरे घेते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणून सायकल ५.४ मीटर पुढे जाते. पाय मात्र १७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे १.०७ मीटरच फिरतो. अंतरात पाचपट फायदा झाला, म्हणून बलात पाचपट तोटा. नऊ किलोग्रॅमच्या विरोधासाठी पेडलवर सरासरी ४५ किलोग्रॅम-भार द्यावा लागेल. ५५ किलोग्रॅमचा मुलगा सीटवरून उठून जवळजवळ अंगाचा सगळा भार पेडलवर टाकतो, तेव्हा कुठे चाक हलते.

माउंटन बाइकला पुढे २२ आणि मागे ३४ दाते अशी जोडी लावता येते. तिच्यात एका फेऱ्यात सायकल १.४ मीटरच पुढे सरकते. पेडलवरचा भार येतो बारा किलोग्रॅम. वेग तोच, शक्ती तीच, पण पाय झेपेल एवढ्याच बलाने भराभर फिरतो. तरफेचाच हा नियम आहे. विहिरीवरच्या रहाटाला लांब दांडा का असतो, तेही यातच आले. तेव्हा गिअर नसलेल्या मुलाने अशा चढावर उतरून सायकल हाती धरली तर त्यात कमीपणा काही नाही. वेग जवळजवळ तेवढाच राहतो!

उतारावरची ऊर्जा

चढताना साठवलेली ऊर्जा उतारावर परत मिळते, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. माउंटन बाइकच्या जन्माशी या प्रश्नाचा संबंध आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून खाली येत. १९७६ पासून एका वाटेवर त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. ही वाट तीन किलोमीटरपेक्षा थोड्या अधिक अंतरात सुमारे ४०० मीटर उतरते. सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये होता. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलोग्रॅम धरले, तर उतरताना सुटणारी ऊर्जा

८५ × ९.८ × ४०० = सुमारे ३,३३,००० ज्यूल.

एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३,१५,००० ज्यूल लागतात. मुठीएवढ्या हबमध्ये एवढी उष्णता! आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. त्यांच्यातल्या जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा बनवला. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

आपल्याकडच्या मुरमाच्या उतारावर ब्रेक तापण्याआधी दुसरेच संकट येते. सुटे खडे टायरखाली छऱ्यांसारखे घरंगळतात आणि घर्षण कमी होते. डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.६ आणि सुट्या मुरमावर ०.३ धरू. दोन्ही चाकांनी पुरेपूर पकड घेतली असे मानले, तर ताशी १८ किलोमीटर वेगात सपाट डांबरावर सायकल सुमारे दोन मीटरमध्ये थांबते. दहाला एक अशा मुरमाच्या उतारावर तिला साडेसहा मीटर लागतात, कारण ०.३ मधला ०.१ भाग गुरुत्वाकर्षणालाच तोंड देण्यात जातो. आणि वेग दुप्पट केला तर? अंतर चौपट, पंचवीस मीटर! शिवाय धोका दिसून बोटे ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी दहा मीटर. समोर वळण किंवा शेळ्यांचा कळप असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

हे सूत्र मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहे. तरी पाबळच्या अलीकडे एका मुरमाड उतारावर, वळणावर, घाबरून मी पुढचा ब्रेक करकचून आवळला. पुढचे चाक थांबले आणि घसरले. घसरणाऱ्या चाकाला वळवता येत नाही. कोपर फुटले. उठून मागे पाहिले तर चाकोरीतली टायरची नक्षी एका जागी संपली होती आणि तिथून पुढे एक गुळगुळीत पट्टा खरडलेला होता. चाक फिरत होते तोवर नक्षी, फिरायचे थांबले तिथून पट्टा. सगळा अपघात जमिनीवर लिहिलेला होता. म्हणून सांगतो, वेग वळणाच्या आधी, सरळ वाटेवर कमी करा. दोन्ही ब्रेक हळूहळू, सारखे दाबा. चाक घसरू लागले तर ब्रेक क्षणभर सैल करा. आणि ब्रेकचे रबर घरून निघण्यापूर्वी तपासा.

चाकोरीत पाणी शिरते तेव्हा

चाकोरी फक्त आपल्याबद्दलच सांगत नाही. पुढे काय होणार तेही सांगते. उतारावरून सरळ खाली गेलेली चाकोरी म्हणजे पाण्यासाठी आयता खणलेला पाट. कालव्याच्या पाण्याला हजारो मीटरला एखादा मीटर उतार देतात, कारण वेग वाढला की पाणी माती खरवडू लागते. आपल्या टेकडीवरच्या चाकोरीत पावसाच्या पाण्याला दहाला एक उतार मिळतो. गवताची मुळे टायरने आधीच तोडलेली असतात. पहिल्या पावसात बोटभर खोल असलेली चाकोरी काही वर्षांत गुडघाभर घळ होऊ शकते. माळावर मातीचा थर मुळात वीतभरही नसतो. तो तयार व्हायला लागलेला काळ माणसाच्या आयुष्यात मोजण्यासारखा नाही.

माळ म्हणजे पडीक जागा नव्हे. चिंकारा, लांडगा, खोकड यांचे ते घर आहे. बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकारांसाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य करण्यात आले, ते अशाच माळावर. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. सायकलवरून ती दिसतसुद्धा नाहीत. म्हणून माळावर गाडीवाट सोडू नका. वळसा पडला तरी चालेल. ओल्या मुरमावर आणि उतारावरून सरळ खाली सायकल घालू नका. आडव्या, समोच्च रेषेला धरून गेलेल्या वाटेत पाणी वेग घेत नाही. गावकऱ्यांच्या जुन्या वाटा टेकडीला वळसा घालून का जातात, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते.

आणखी दोन गोष्टी. पुणे–सोलापूर आणि पुणे–अहिल्यानगर हे महामार्ग शक्यतो टाळा, ओलांडताना सायकलवरून उतरा. शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. एकटे जाऊ नका, उसाच्या कडेने जाणे टाळा आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी घरी पोहोचा.

करून पाहा

१. सायकलचे मागचे चाक उचलून त्याखाली आलेख-कागद ठेवा. टायरला पाण्यात कालवलेली गेरू किंवा नीळ लावा. चाक हळूच टेकवा, मित्राने सायकल धरावी आणि तुम्ही सीटवर बसा. मग उतरून चाक सरळ वर उचला. ठशातले चौरस मोजा. हवा कमी करून पुन्हा ठसा घ्या. जागा दुप्पट झाली का?

२. मित्राला सायकलवर बसवा. हँडलखाली सांगाड्याला दोरी बांधून तिला ताणकाटा अडकवा आणि सावकाश, सारख्या वेगाने ओढा. डांबर, मुरूम, गवत, वाळू यांवरचे आकडे लिहा आणि वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. तुमच्या गावचे आकडे वेगळे आले तर तुमचेच आकडे खरे माना. पाबळला १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करणाऱ्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांचा आग्रह हाच होता, की हातांनी काम करत शिकावे.

३. पावसाळ्यापूर्वी माळावरच्या एका जुन्या चाकोरीची खोली काठीने मोजा व जागा लक्षात ठेवा. पावसाळा संपल्यावर त्याच जागी पुन्हा मोजा.

विचार करा

१. सायकलच्या टायरने पाडलेल्या चाकोरीपेक्षा लोखंडी धाव बसवलेल्या बैलगाडीची चाकोरी जास्त खोल का असते? फक्त वजन हेच कारण आहे का?

२. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दोन वेगळ्या चाकोऱ्या दिसतात. आतली कोणत्या चाकाची, ते कसे ओळखाल?

३. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा सायकलला सोपी जाते आणि ओली काळी माती कोरडीपेक्षा अवघड. पाणी दोन्हीकडे तेच. मग असे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिण्याआधी ओढ्यात जाऊन दोन्ही चाकोऱ्या शेजारीशेजारी पाहून या.